मधुमेहींचे डोळे आणि संगणकाची नजर

"डॉक्टर, मला अजून सुईत दोरा ओवता येतो, मग डोळे तपासायचे कशाला?" मधुमेहाच्या रुग्णाला नेत्रतज्ज्ञांकडे जा म्हटले, की पेण-रोह्याकडे हा प्रश्न हमखास येतो. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की डोळ्याच्या आतल्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, फुगतात, पाझरू लागतात. बराच काळ ना डोळा दुखतो, ना दिसायला कमी होते. धूसर दिसू लागते तेव्हा आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो. लेसर किंवा डोळ्यातील इंजेक्शनने उरलेली नजर बहुधा टिकवता येते. गेलेली परत येईलच असे नाही.

आमच्या पेणला गणपतीच्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारे कारागीर आहेत. त्यांचे पोटच नजरेवर. पण ऐन हंगामात अलिबाग-पनवेलला जायचे, बाहुली मोठी करणारे थेंब घालून घ्यायचे आणि मग काही तास जवळचे धड दिसत नाही म्हणून दिवस मोडायचा, हे त्यांना जमत नाही. अशा ठिकाणी संगणकशास्त्रज्ञांचे संशोधन कामाला येण्यासारखे आहे.

2016 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात गूगलच्या संशोधकांचा निबंध आला. अमेरिकेतील आणि भारतातील रुग्णांच्या पडद्याची 1,28,175 छायाचित्रे 54 डॉक्टरांनी तपासली, प्रत्येक छायाचित्र तीन ते सात वेळा. संगणकाला 'रक्ताचा ठिपका असा दिसतो' वगैरे नियम कोणी शिकवले नाहीत. छायाचित्र आणि त्यावरचे डॉक्टरांचे मत एवढेच पुढे ठेवले. चुकेल तसे स्वतःचे हिशेब बदलत तो शिकत गेला. नवशिक्या डॉक्टरही काही वेगळे करीत नाही म्हणा!

मुंबईत 2018 साली महापालिकेच्या दवाखान्यांतील मधुमेहींवर असाच प्रयोग झाला. आरोग्यसेवकाने स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेतली. निदान इंटरनेटशिवाय फोनवरच. 213 रुग्णांत तज्ज्ञांकडे पाठवण्याजोगा एकही सुटला नाही. मात्र तसा आजार नसलेल्या शंभरातील सुमारे 12 जणांना उगाचच 'तज्ज्ञांकडे जा' असे सांगितले गेले. मला हे चालेल. हेलपाटा परवडला, आंधळेपण नाही. तरी रुग्णसंख्या लहान होती, हे विसरू नये.

थायलंडच्या आरोग्यकेंद्रांत गूगलचेच यंत्र लावले, तेव्हा पाचातले एक छायाचित्र पुरेसे स्पष्ट नाही म्हणून यंत्राने नाकारले, असे 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, हे त्याचे एक मोठे कारण. आपल्याकडे मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबायची सवय. त्या डोळ्याचे छायाचित्र धूसरच येणार.

प्रौढपणी होणारा मधुमेह आढळताच डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, पुढे वर्षातून एकदा. आधीपासून मधुमेह असलेल्या गर्भवतीने पहिल्या तिमाहीतच तपासणी करावी. शिबिरात असे यंत्र आले तर जरूर बसा, पण 'ठीक आहे' हे उत्तर याच एका आजारापुरते आहे. काचबिंदूची तपासणी वेगळी. आणि थेंब घालायचे असतील तर मोटारसायकलवर एकटे येऊ नका, सोबत चालवणारा माणूस आणा.