गेमच्या नावाने परीक्षा

परीक्षा चालू आहे हे फोनला कळतं, असं कुणीतरी म्हणालं. मला ते पटेना, म्हणून कोथरूडच्या एका फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत जाऊन बसलो. नवे फोन तपासून त्यांवर लिहिणारी एक मुलगी तिथे काम करते. खिडक्या बंद, एसी २४ वर. खोली तापली की आकडे बिघडतात.

समोरचा फोन अजून बाजारात यायचा होता, कंपनीने समीक्षेसाठी धाडलेला. सिम, अपडेट, ब्राइटनेस भराभर उरकलं. मग तिने प्ले स्टोअरमध्ये फोनचा वेग मोजणारं गीकबेंच उघडलं. हे ॲप या फोनला चालत नाही, असा निरोप आला. तिच्या जुनाट फोनवर मात्र तेच ॲप बिनबोभाट चालत होतं.

“नवं नाही हे, काका. २०२३ मध्ये गूगलचा पिक्सेल ८ आला, तेव्हा समीक्षकांच्या फोनवर असंच अडवलं होतं.” त्यातली टेन्सर चिप गुण मिळवायला नाही, रोजच्या कामासाठी आहे, असं गूगल म्हणते. असेलही. पण म्हणून वजनकाटा लपवायचा?

तिने लॅपटॉपवर ॲपची फाइल उघडली, आतली ओळख पुसली, एका लोकप्रिय गेमची लिहिली आणि मूळ फाइलसोबत केबलने फोनमध्ये चढवली. एवढा खटाटोप कशाला, तर २०२२ मध्ये सॅमसंगच्या फोनमध्ये एक यादी सापडली होती. यादीतल्या ॲप्सचा वेग फोन गुपचूप आवरतो, असा आरोप झाला. “१०,००० ॲप्स, काका!” इन्स्टाग्राम होतं, नेटफ्लिक्स होतं. वेग मोजणारी बेंचमार्क ॲप्स तेवढी नव्हती. त्यांना गेमचं नाव दिलं, आणि गुण कोसळले. गीकबेंचने एस१० पासून एस२२ पर्यंतचे फोन आपल्या यादीतून काढून टाकले. गेमना लगाम आणि मोजणाऱ्यांना मोकळं रान. फोन तापू नये म्हणून ही सोय, हा सॅमसंगचा खुलासा माझ्या तरी गळी उतरत नाही.

मग थ्रीडीमार्क या दुसऱ्या मोजणाऱ्या ॲपची २० मिनिटांची चाचणी. मिनिटभराचं एकच दृश्य २० वेळा. ती मधूनमधून फोनच्या पाठीवर तापमापक रोखायची. पहिल्या फेरीच्या गुणांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. विसाव्या फेरीचे तेवढे वहीत उतरवले.

खऱ्या नावाने आणि गेमच्या नावाने, दोन्हीकडे आकडे जवळजवळ सारखे आले. खोटं सांगत नाही, मी थोडा हिरमुसलो. ती नाही.

“लबाडी नाही, मग दार का लावलं?” मी विचारलं.

“पहिला आठवडा. गिऱ्हाईक तेव्हाच ठरवतं. तेवढ्यात कुणी जुन्या फोनशेजारी आकडा मांडू नये, बस.”

तिने अडवणुकीसकट सगळं छापायचं ठरवलं. असं छापलं की पुढचा फोन येत नाही. मग ती तो दुकानातून विकत आणते, हप्त्यावर.