पंडितजींची पहाट

सवाई गंधर्व महोत्सव आणि भीमसेन जोशी हे आमच्या घरात एकाच दमात घेतले जाणारे शब्द. गुरूंच्या स्मरणार्थ पंडितजींनी १९५३ पासून चालवलेल्या या महोत्सवाची सांगता तेच करीत. १९९० च्या आसपास मी बाबांबरोबर जाऊ लागलो. रमणबागेच्या मैदानावर भारतीय बैठक, अंगावर शाल, थर्मासमध्ये कॉफी आणि रात्रभर एकामागून एक गाणी. पण सगळे थांबत ते शेवटच्या पहाटेसाठी. उजाडता उजाडता पंडितजींची तोडी ऐकलेल्यांना अधिक सांगायला नको!

वर्षागणिक तानांची झेप आखडत गेली. शेजारचे जाणकार हळहळत. मला मात्र उतारवयातला त्यांचा षड्जच जास्त भिडला. (हे बाबांना कधीच पटले नाही.)

२००७ साली आजारपणातून उठून ते पुन्हा गायला बसले. तोवर ध्वनिवर्धकाच्या नियमांनी रात्रभराची मैफल संपवली होती. आवाज थकलेला, पण षड्ज लागला आणि मैदान चिडीचूप झाले. गुडघ्यांमुळे खुर्चीत बसलेले बाबा एवढेच पुटपुटले, "अजून आहे."

२४ जानेवारी २०११ ला पंडितजी गेले. बातमी बाबांना मीच सांगितली. ते काही बोलले नाहीत. फक्त माळ्यावरचा टेपरेकॉर्डर खाली काढायला सांगितला.