जुनी पिकअप घेताय? ‘ॲव्हरेज’ नंतर विचारा!

पदवीचं शेवटचं वर्ष, घरचा भाजीपाला आणि मार्केटला माल न्यायला दरवेळी दुसऱ्याची गाडी. भाडं देऊन हातात काय उरतं, याचा हिशेब झाला की घरात विषय निघतोच, ‘आपलीच एखादी जुनी पिकअप बघू या का?’ गावाकडच्या कितीतरी कॉलेजकुमारांची ही गोष्ट. पैसे मात्र बाबांच्या साठवणीतले, म्हणजे चुकायला जागा नाही.

गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘ॲव्हरेज किती देते?’ खरंतर हा दुसरा प्रश्न. पहिला स्वतःला विचारायचा: माल किती आणि रस्ता कसला?

टोमॅटोचं क्रेट २० किलोंचं धरा. ३० क्रेट म्हणजे ६०० किलो, त्याला छोटा हत्ती पुरतो. ६० क्रेट झाले की बोलेरो पिकअपसारखी गाडी लागते. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसचं इंजिन २ सिलिंडरचं, १६ एचपीचं. बोलेरो पिकअपचं ४ सिलिंडरचं, २५२३ सीसीचं. लहान गाडी डिझेल कमी पिते हे खरं, पण झेपेल तेवढंच वजन असेल तर! ओव्हरलोड करून घाटात रडवली, तर ॲव्हरेजही जातं आणि क्लचप्लेटही.

एचपीच्या आकड्यावरही भाळू नका. भरलेली गाडी चढावर ओढायला टॉर्क लागतो, तोही कमी आरपीएमला मिळणारा. त्यामुळे ट्रायल घेताना हौद्यात थोडं वजन टाका आणि चढ गाठा.

आता ॲव्हरेज. मालक सांगतो १५, गाडी देते १२. महिन्याला २,००० किलोमीटर फिरणार असाल, तर ३३ लिटर डिझेल जास्त. ९० रुपये लिटर धरलं तरी महिन्याला ३,००० आणि वर्षाला ३६,००० रुपये! म्हणून मालक तयार असेल तर टाकी फुल्ल करून गाडी फिरवा, पुन्हा फुल्ल करा आणि भागाकार करा. नाहीतर मार्केटमध्ये तेच मॉडेल चालवणाऱ्या दोन-तीन ड्रायव्हरकाकांना विचारा. ते खरं सांगतात.

इंजिन थंड असतानाच जा. बॉनेट आधीच गरम असेल, तर समजून घ्या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण काढल्यावर चालू इंजिनातून भसाभस वाफ येत असेल, तर रिंगा गेल्यात, काम मोठं आहे. मीटरचं रीडिंग कमी पण पेडलचं रबर गुळगुळीत? मग मीटरवर विश्वास नको. ओळखीचा मिस्त्री सोबत न्याच.

शेवटी कागद. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, पासिंग आणि विमा कधीपर्यंत, चलन किती थकलंय, हे आधी तपासा, टोकन नंतर. आणि हो, ट्रान्सपोर्टची गाडी चालवायला वय २० पूर्ण लागतं. तुम्ही १९चे असाल, तर वर्षभर स्टिअरिंग बाबांकडे, हिशेबाची वही तुमच्याकडे!