टॉवरला न दिसणारं पार्लं

सकाळच्या गर्दीत चर्चगेटकडे जाणारी लोकल पार्ल्याच्या फलाटाला लागते, तेव्हा डब्यांतले हजारो मोबाइल एकदम स्टेशनजवळच्या टॉवरच्या हद्दीत शिरतात आणि मिनिटभरात सांताक्रूझच्या दिशेने निघूनही जातात. इथे कॉल तुटत असतात, तेव्हा हनुमान रोडवरचा टॉवर निवांत असू शकतो. शेजारचे टॉवर एकमेकांना थोडंफार कळवतात, पण अख्ख्या पार्ल्याचं चित्र त्यांच्यापैकी कुणापुढेच नसतं.

ते चित्र उभं करण्याचा मार्ग म्हणजे सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग. 2008 साली स्टॅनफर्डचे निक मॅकिऑन आणि गुरू पारुळकर यांच्यासह आठ जणांनी ‘ओपनफ्लो’ मांडलं. तोवर डेटा पुढे पाठवणं आणि तो कुठे पाठवायचा हे ठरवणं, दोन्ही कामं एकाच पेटीत होती. त्यांनी ठरवण्याचं काम पेटीबाहेरच्या कंट्रोलर सॉफ्टवेअरकडे दिलं. मोटरमन गाडी चालवतो, पण आधी कुठली गाडी सोडायची ते नियंत्रण कक्ष ठरवतो, तसंच हे.

मोबाइलच्या बाबतीत हे जास्त गरजेचं आणि जास्त अवघडही. तारेतला डेटा तारेतच राहतो; हवा मात्र सगळ्यांची एकच. एका टॉवरने जोर वाढवला की शेजाऱ्याच्या संदेशांत खरखर होते. शिवाय कुठल्या फोनला किती वाटा द्यायचा हे 4जी टॉवर दर मिलिसेकंदाला ठरवतो. तेवढ्यात दूरच्या कंट्रोलरला विचारायला वेळच नसतो. 2018 मध्ये स्थापन झालेल्या ओ-रॅन अलायन्स या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने म्हणून कामाची वाटणी केली: मिलिसेकंदाचे निर्णय टॉवरपाशी, 10 मिलिसेकंद ते 1 सेकंदाचे जवळच्या कंट्रोलरकडे, त्याहून सावकाशीचे वरच्याकडे. या साऱ्या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

आपल्या पवईतही हे काम झालं आहे. आयआयटी मुंबईत अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी मोबाइल आणि वायफाय ही दोन्ही जाळी एकाच कंट्रोलरखाली आणण्याचा पाठपुरावा केला. वायरलेस जाळ्यांच्या अशा नियंत्रणासाठीची आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेची 1930.1 क्रमांकाची शिफारस 2022 ची.

धोकाही खरा आहे. कंट्रोलर बंद पडला तर एका टॉवरचं नव्हे, अख्ख्या उपनगराचं चित्र पुसलं जाईल. त्यामुळे दुसरा कंट्रोलर कायम तयार हवा, आणि संपर्क तुटला तरी प्रत्येक टॉवरला आपल्यापुरतं काम चालू ठेवता यायला हवं. मिलन सबवे तुंबलेला असतो आणि सगळेच घरी फोन लावत असतात, अशा संध्याकाळी तर नक्कीच.