अठरा फूट हवा

चाचांनी सुझाफोनच्या पहिल्या बटणाची नळी हळूहळू बाहेर ओढली. नळी सुटताना ‘टुप्’ असा आवाज यायला हवा होता. आला नाही.

“दम मुरायलाय यात कुठंतरी,” ते समोर बसलेल्या पोराला म्हणाले.

पोरगा विशीतला, परतूरकडच्या एका बँडमध्ये वाजवणारा. दिवाळी होऊन गेली होती, तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. एकदा तुळशीचं लग्न लागलं की सुपाऱ्या सुरू होतात, मग वाद्याला विश्रांती नाही. म्हणून या दिवसांत जुन्या जालन्यातल्या या बोळात बँडवाल्यांची ये-जा असते. जालना हे भंगार वितळवून सळया करणारं, लोखंडाचं शहर. चाचांच्या दहा बाय आठच्या दुकानात मात्र सगळं पितळ: भिंतीला टांगलेले ट्रम्पेट, कोपऱ्यात उताणं पडलेलं युफोनियम आणि पाटावर हे सर्वांत मोठं धूड.

सुझाफोन म्हणजे अंगाभोवती गुंडाळता येणारा ट्युबा. मूळ ट्युबा १८३५ साली बर्लिनमध्ये विप्रेख्त आणि मोरित्झ यांनी घडवला. तो हातात धरून चालणं अवघड, म्हणून १८९०च्या दशकात अमेरिकेतले बँडप्रमुख जॉन फिलिप सूझा यांच्या सूचनेवरून खांद्यावर बसणारा प्रकार निघाला. पलटणींच्या बँडमागोमाग ही वाद्यं आपल्या वरातीत आली. मेरठच्या जली कोठीत, जिथे नादिर अली यांची कंपनी १८८५मध्ये सुरू झाली, तिथे आजही ती घडतात.

मी चाचांना विचारलं, की पितळ भारी असेल तर आवाज भारी येतो का? त्यांनी बोटाने नळीच्या आत दाखवलं. “पितळ कुठं वाजतं, साहेब? ही पोकळी वाजती. पितळ तिला फक्त धरून ठेवतं.”

शास्त्रही जवळजवळ हेच सांगतं. इंग्लंडमधले वाद्यनिर्माते रिचर्ड स्मिथ यांनी १९८०च्या दशकात वेगवेगळ्या जाडीचे कर्णे बसवलेले ट्रॉम्बोन व्यावसायिक वादकांना, कोणता कर्णा कोणता हे कळू न देता, वाजवायला दिले. फरक कुणालाही ओळखता आला नाही. धातूच्या थरथरीचा थोडा परिणाम होतो, पण आवाजाचा स्वभाव ठरतो तो पोकळीच्या आकारावर. ट्रम्पेटची नळी बरंच अंतर सारख्याच जाडीची राहते, म्हणून त्याचा सूर धारदार. ट्युबाची नळी ओठांपासून कर्ण्यापर्यंत रुंदावत जाते, म्हणून त्याचा सूर गोल आणि खोल. फायबरचा सुझाफोन वरातीत खांद्याला हलका पडतो. त्याचा आतला आकार चोख असेल तर त्यालाही सूर असतो.

पोराला मात्र कर्ण्यावरचे पोचे खटकत होते. “हे बसवून द्या चाचा, मालक बोलतो.” चाचांनी कर्ण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं बोट ओठांजवळच्या बारीक नळीवर फिरत होतं. तिथे हरभऱ्याएवढा खळगा होता. “वरचे राहू दे. त्यानं आवाज जात न्हाई. रोग इथं हाय.”

रुंद कर्ण्यात तेवढा खळगा हवेला जाणवतही नाही, पण अंगठ्याएवढ्या नळीत तो वाट अडवतो. नळीतली हवा प्रत्येक सुरासाठी वेगळ्या ठिकाणी दाबली जाते आणि वेगळ्या ठिकाणी हेलकावते. दाबाच्या जागी खळगा आला तर सूर चढतो, हेलकाव्याच्या जागी आला तर उतरतो. म्हणून एकाच पोच्याने काही सूर वर जातात आणि काही खाली, आणि वादकाला वाटतं आपलाच कान बिघडला.

चाचांनी लांब सळईच्या टोकाची पोलादी गोळी तेल लावून आत सरकवली. ती खळग्यापाशी अडताच बाहेरून लाकडी मोगरीने हलके ठोके दिले. एकाच जागी फार ठोकलं तर पितळ कडक होऊन तडकतं. तेव्हा तापवून त्याला पुन्हा मऊ करावं लागतं, हे तांबट-कासारांचं जुनं ज्ञान. मग पाणी सोडायच्या चिमुकल्या खिट्टीखालचा झिजलेला बूच बदलला आणि सैल झालेला सांधा झाळला. दम तिथूनच मुरत होता.

“आता तिन्ही बटणं दाबून वाजव.”

पोराने वाजवलं. सूर चढा लागला. यात दोष चाचांचा नाही आणि पोराचाही नाही, तो रचनेतच आहे. या वाद्याची नळी साधारण अठरा फूट, म्हणजे साडेपाच मीटर. बटण दाबलं की हवा जादा नळीतून फिरून येते. दुसऱ्या बटणाने सुमारे ३३ सेंटिमीटर वाढतात आणि सूर अर्धस्वर उतरतो. पहिल्याने ६७ वाढतात, तो एक स्वर. तिसऱ्याने १०४, तो दीड. तिन्ही मिळून झाले २०४. पण आधीच लांबलेल्या नळीला आणखी उतरायला प्रत्येक वेळी जास्त लांबी लागते. तीन स्वर उतरायला २२८ सेंटिमीटर हवेत. वीतभर नळी कमी पडते. इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४मध्ये ही उणीव आपोआप भरून काढणारी बटणं शोधली, पण या सुझाफोनला साधी तीनच. इथली उरलेली वीत वादक ओठ सैल सोडून भरून काढतो. गर्दीत, चालता चालता, कानावर भरवसा ठेवून.

“आणि वैशाखात?” मी विचारलं.

पोरगा हसला. “दुपारच्या वरातीत लई चढतो. कॅसिओ जागचा हलत न्हाई, अन् आम्ही वरवर.”

उन्हाने पितळ फुगतं, असं अनेकांना वाटतं. पण वीस अंशांच्या फरकाने साडेपाच मीटर पितळ जेमतेम दोन मिलिमीटर वाढतं, आणि त्याने सूर चढण्याऐवजी उतरायला हवा. खरं कारण हवा. वीस अंशांना आवाज सेकंदाला ३४३ मीटर धावतो, चाळीसला सुमारे ३५५. तेवढ्याने सूर अर्धस्वराच्या निम्म्याहून जास्त चढतो. श्वासाने नळीचा काही भाग कायम कोमट राहतो, म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी.

चाचांनी पुन्हा नळी ओढली. टुप्. पोराने मोकळी काळी पाच धरली. फळीवरच्या डब्यांची झाकणं थरथरली आणि तो सूर छातीत जाणवला. चाचांनी मुख्य नळी सरकवत नेमकी जागा शोधली आणि तिथे सुईने बारीक रेघ ओढली. मग नळीवर तीन बोटं आडवी ठेवून पलीकडे दुसरी रेघ.

“ही आजची,” ते म्हणाले, “अन् ही चैत्रापासून पुढची. मधल्या दिवसांत मात्र तुझा कान.”