माहेरवाशिणी आणि पाहुणे

बसवनगुडीतील आमच्या गच्चीवर, गणपती होऊन गेले की एखाद्या सकाळी करडा धोबी येऊन उतरतो. वीतभर लांबीचा हा पक्षी हिमालयातील ओढ्याकाठचा रहिवासी. टाकीखालच्या ओलीत शेपटी खालीवर हालवीत तो किडे टिपू लागला, की नवरात्र जवळ आले असे आम्ही समजतो. मग दसऱ्याच्या सुट्टीत म्हैसूरला जाताना एक सकाळ रंगनतिट्टूसाठी राखून ठेवावी लागते.

बंगळूरपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, श्रीरंगपट्टणजवळ, कावेरीच्या पात्रात ही लहान लहान बेटे आहेत. सतराव्या शतकात नदीवर घातलेल्या बंधाऱ्यामुळे ती निर्माण झाली. सालिम अली यांनी तेथील पक्ष्यांची वसाहत पाहून आग्रह धरला आणि १९४० साली म्हैसूर संस्थानाने या बेटांना अभयारण्याचे संरक्षण दिले.

नाव बेटाजवळ आली, की झाडांवरील गजबज पाहून कोणीतरी हमखास विचारतो, "हे सगळे सैबेरियातून आले का?" या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी नाही असेच आहे. शराटी, चमचा, रातबगळा, पाणकावळा, उघड्या चोचीचा करकोचा ही मंडळी आपल्याच देशातील. पावसाळ्यात भातखाचरे आणि कालवे भरतात. मासे, बेडूक, गोगलगायी यांची रेलचेल होते. पिलांच्या तोंडी घास घालण्यास हाच काळ सोयीचा. म्हणून हे पक्षी आसपासच्या मुलखातून येथे जमतात, घरटी बांधतात आणि पिले उडू लागली की पांगतात. या बाळंतपणाला आलेल्या माहेरवाशिणी होत.

पाहुणे निराळे. जवळच्या खडकावर एकटीच धावणारी चिमुकली तुतारी पाहा. तिची वीण काश्मीर-लडाखपासून उत्तरेकडील दूरच्या प्रदेशांत होते. तिकडे थंडीने पाणी गोठते, किडे नाहीसे होतात; म्हणून ती पोटासाठी दक्षिणेची वाट धरते. ती येथे घरटे बांधीत नाही. पुढे हिवाळ्यात म्हैसूरच्या परिसरातील तलावांवर पट्टकदंब हंस उतरतात. त्यांतील काहींच्या गळ्यात मंगोलियात अडकविलेली खुणेची पट्टी आढळलेली आहे. शरदात अशा रीतीने एकाच नदीकाठी एकीची पाठवणी आणि दुसऱ्याचे स्वागत चाललेले असते.

हा भेद केवळ कुतूहलाचा नाही. पाहुण्याला उघडा काठ आणि उथळ चिखल हवा. तलावाचे काठ बुजविले, की त्याचे पान उठले. माहेरवाशिणीला सुरक्षित फांदी हवी. भोवतालचे पाणी मांजर-कुत्र्यांना दूर ठेवते, म्हणून तर ती बेट निवडते. पण तेच पाणी वैरीही होते. वर कृष्णराजसागराचे दरवाजे उघडले, की बेटे बुडतात, माती खचते आणि खालच्या फांद्यांवरील घरटी पिलांसह वाहून जातात. २०२२ साली रंगनतिट्टूला रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली; परंतु पुराला मान्यतापत्र दाखवून थोपविता येत नाही. बेटांचे काठ दर वर्षी सांभाळावे लागतात.

या सुट्टीत आपणही एखाद्या पाणवठ्यावर अवश्य जावे. दिसलेल्या पक्ष्याचे नाव ठाऊक नसले तरी चालेल. तो येथे पिलांसाठी आला की पोटासाठी, एवढे ओळखता आले, तरी त्याच्यासाठी काय राखावयाचे ते आपल्याला कळेल.