निर्वाचित न्यायाधीश आणि पुराणमतवादाचे दोन अर्थ

अमेरिकेतील टेक्सास राज्यात फौजदारी अपिलांच्या सर्वोच्च न्यायालयाचे ९ न्यायाधीश पक्षाच्या नावावर ६ वर्षांसाठी लोकांकडून निवडले जातात. पुनर्निवडणुकीस उभा राहणारा न्यायाधीश आपली पूर्वपीठिका व मूल्ये मतदारांपुढे ठेवतो. परंतु एकाच मूल्याचे दोन अर्थ परस्परविरुद्ध जाऊ शकतात, हे शॅरन केलर यांच्या उदाहरणावरून दिसून येते.

डॅलस येथे सरकारी अभियोक्त्यांच्या कार्यालयात काम केलेल्या केलर १९९४ साली निवडून आल्या व २००१ पासून प्रमुख न्यायाधीश होत्या. आरोपींविषयीची कठोरता हीच त्यांची ख्याती. तथापि डिसेंबर २०२१ मध्ये या न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी असा निर्णय दिला की, निवडणूकविषयक गुन्ह्यांचे खटले महाधिवक्त्याने स्वतःच्या अधिकारात चालविणे राज्यघटनेतील सत्ताविभाजनाशी विसंगत आहे. घटनेच्या शब्दाशी निष्ठा या अर्थी हा निर्णय पुराणमतवादीच होय. परंतु ज्यांच्या अधिकारास मर्यादा पडली त्या महाधिवक्ता पॅक्स्टन यांनीच त्याविरुद्ध प्रचार केला. आणि मार्च २०२४ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत रिपब्लिकन मतदारांनी केलर यांच्यासह बहुमतातील तीन न्यायाधीशांना नाकारले.

सारांश, मतपेटीपुढे शब्दनिष्ठेपेक्षा पक्षनिष्ठा वरचढ ठरू शकते. निर्वाचित न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याचा खरा प्रश्न येथेच उद्भवतो.